वाचकांचे प्रश्न : परस्पर झालेली माफी

मागील अंकात मी ‘मिरयांग’ या २००७ सालच्या कोरियन चित्रपटाचा परिचय करून दिला होता. बाहेरच्या देशांत तो ‘सीक्रेट सनशाइन’ या नावाने ओळखला जातो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मराठवाड्यातील आहेत, आणि चित्रपट आवडला की नाही यापेक्षा त्यातील श्रद्धेच्या प्रश्नाशी भांडणारी अधिक आहेत. तो अंक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. उत्तरांच्या ओघात शेवटही सांगावा लागणार आहे, तेव्हा ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी येथेच थांबावे.

शिन-ए ही पियानो शिकवणारी तरुण विधवा. नवरा अपघातात गेल्यानंतर ती सोल शहर सोडते आणि जून नावाच्या लहान मुलाला घेऊन नवऱ्याच्या मूळ गावी, मिरयांगला, राहायला येते. नव्या गावात आपली पत राहावी म्हणून ती जमीन विकत घेणार असल्याचे चारचौघांत बोलत राहते. ही बाई पैसेवाली आहे असे समजून जूनच्या वक्तृत्वाच्या वर्गाचा चालक त्याला पळवतो आणि ठार मारतो. शिन-ए पुढे चर्चच्या प्रार्थनासभेत जाऊ लागते, तिला शांती लाभल्यासारखी वाटते, आणि खुन्याला क्षमा करण्यासाठी ती तुरुंगात जाते. तेथे तो प्रसन्न चेहऱ्याने सांगतो की मलाही देव भेटला आणि देवाने मला केव्हाच क्षमा केली आहे. चित्रपटाचा पुढचा सगळा भाग या एका वाक्यानंतरचा आहे.

प्रश्न : शिन-ए स्वतः होऊन क्षमा करायला गेली होती. समोरचा माणूस आधीच पश्चात्ताप करून देवाला शरण गेला आहे हे कळल्यावर तिला समाधान वाटायला हवे होते. त्याऐवजी ती कोसळते. म्हणजे तिची श्रद्धा वरवरची होती असे समजायचे का?
— एक निवृत्त शिक्षिका, परभणी

तिची श्रद्धा वरवरची होती असे मला वाटत नाही. ती घाईची होती असे मात्र वाटते, आणि ती घाई एकट्या तिची नव्हती. मुलाच्या अंत्यविधीच्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, म्हणून सासू तिला सर्वांदेखत बोल लावते. आपल्याकडेही मातीला आलेल्या बायका कोण किती रडले याचा हिशेब ठेवतात, त्यामुळे हा प्रसंग आपल्याला परका वाटू नये. तिचे अडकलेले रडणे बाहेर पडते ते दुखावलेल्या लोकांसाठी भरवलेल्या प्रार्थनासभेत, अनोळखी माणसांच्या गर्दीत. पाद्री पुढे येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि त्या क्षणापासून सर्वजण, ती स्वतःसुद्धा, असे धरून चालतात की जखम भरली.

तुरुंगात जाण्याचा हट्ट तिचा स्वतःचा आहे. मनातल्या मनात क्षमा केली तरी पुरे, तेथपर्यंत जायची काय गरज, असे जवळची माणसे तिला समजावतात. तरी ती जाते. का जाते? नवरा गेला, मुलगा गेला, आपल्या बढाईनेच मुलाचा घात केला हा सल मागे राहिला. या सगळ्यात तिच्या हातात उरलेली एकच वस्तू होती आणि ती म्हणजे क्षमा. ती द्यायची की नाही, केव्हा द्यायची, हे तरी तिने ठरवायचे होते. तुरुंगाच्या जाळीपलीकडून तिला कळते की त्या वस्तूचाही निकाल आपल्याला न विचारता लागून गेला आहे.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ही परस्पर झालेली कर्जमाफी आहे. ज्याचे देणे होते त्याला कोणी विचारले नाही, ज्याच्यावर कर्ज होते तो निवांत झोपला, आणि खाते बंद झाल्याची बातमी घेणेकऱ्याला कर्जदाराच्याच तोंडून कळली. या ठिकाणी समाधान मानायला माणसाच्या अंगी फार मोठे संतत्व असावे लागते. पैठणला गंगेवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्याची गोष्ट आपण शाळेत शिकवली असेल. तेथे ज्याच्या अंगावर थुंकी पडली त्यानेच क्षमा केली, नाथांच्या वतीने दुसऱ्या कोणी ती करून टाकलेली नाही.

यानंतर शिन-ए देव नाहीच असे एकदाही म्हणत नाही, याकडे आपले लक्ष वेधतो. तिचा सवाल असा आहे की, मी क्षमा करण्याआधी त्याने कशी केली? नास्तिकाला असा राग येण्याचे कारणच नाही. शिन-ए एक चोरलेली सीडी मैदानातील प्रार्थनासभेच्या ध्वनिक्षेपकावर लावते, आणि पाद्र्याच्या प्रवचनावर ‘सारे खोटे आहे’ अशा अर्थाचे जुने गाणे वाजू लागते. चर्चमधल्या एका ज्येष्ठ गृहस्थाला ती मोहात पाडू पाहते आणि त्याच वेळी आकाशाकडे नजर लावून बघते, जणू वरच्याला म्हणत असावी की बघतोस ना. हे भांडण आहे, आणि भांडण समोर कोणी असल्याशिवाय होत नाही. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईने विठ्ठलाला ज्या शिव्या दिल्या, त्या आजही अभंग म्हणून गायल्या जातात. फरक इतकाच की जनीच्या शिवीत हक्काची सलगी आहे, कारण तिचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. शिन-एच्या वाट्याला तसे उत्तर येत नाही. वर पाहिले की तिला नुसते आकाश दिसते.

प्रश्न : आम्ही तेरचे. आमच्या गोरोबाकाकांच्या पायाखाली त्यांचे स्वतःचे मूल चिखलात तुडवले गेले, तरी त्यांची निष्ठा ढळली नाही. या चित्रपटातील आईच्या अंगी असे धैर्य का दाखवले नाही?
— एक वाचक, तेर, जि. धाराशिव

आपण गोरोबांशी तुलना केलीत, ती मला योग्य वाटली, परंतु ती अर्ध्यावर सोडलीत. त्या कथेत आईही आहे. गोरोबा भजनाच्या नादात चिखल तुडवत होते आणि पाणी आणायला गेलेली त्यांची पत्नी परत आली तेव्हा मूल दिसेना. संतचरित्रांत ती शांत राहिल्याचे कोठेही आलेले नाही. ती आकांत करते, नवऱ्याला आणि त्याच्या देवालाही बोलते, आणि गोरोबा चिडून तिच्या अंगावर धावून जातात तेव्हा त्यांना विठ्ठलाचीच शपथ घालते की मला हात लावायचा नाही. शिन-एची तुलना करायची तर ती या बाईशी केली पाहिजे.

आता पुढचा भाग पाहा. गोरोबा ती शपथ पाळतात. पुढे पत्नीच्या धाकट्या बहिणीशी लग्न झाल्यावरही ती मोडू देत नाहीत, आणि झोपेत नकळत शपथ मोडली तेव्हा स्वतःचे हात तोडून घेतात. म्हणजे त्या आईच्या तोंडून संतापाच्या भरात निघालेला शब्द त्या घरात शेवटपर्यंत चालला, आणि देवाच्या एवढ्या मोठ्या भक्तालाही तो ओलांडता आला नाही. मिरयांगच्या तुरुंगात नेमके हेच घडत नाही. तेथील माणूस आईच्या शब्दाची वाटच पाहत नाही. पश्चात्तापाचे दोन शब्द तिच्याकडे पाठवावेत, असेही त्याला सुचलेले दिसत नाही. तो तिच्यासाठी प्रार्थना करतो असे सांगतो, आणि मला विचाराल तर संपूर्ण प्रसंगातील सर्वांत असह्य वाक्य तेच आहे.

दुसरा फरक उघड आहे. पंढरपुरास नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांना हात फुटतात आणि मूल रांगत परत येते. कथेला तो अधिकार आहे, आणि शतकानुशतके लेकरे गमावलेल्या आयांनी ती कथा ऐकताना त्या ठिकाणी डोळे पुसले असतील. चित्रपटातील जून परत येणार नाही हे मान्य करूनच दिग्दर्शकाला पुढे जायचे आहे. त्यामुळे धैर्य कमी पडले असा हिशेब मी मांडणार नाही.

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे. या चित्रपटात आमच्या धर्माची टिंगल केली आहे असे माझ्या काही नातलगांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक, जालना

टिंगल मला दिसली नाही. कोरियातील स्थिती आपल्यापेक्षा वेगळी आहे, ती आधी लक्षात घेऊ. आपल्या भागात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे, आणि जालन्याजवळचे नारायण शेषाद्रींनी वसवलेले बेथेल हे ख्रिस्ती गाव आपल्याला ठाऊक असेलच. दक्षिण कोरियात मात्र २०१५ च्या जनगणनेनुसार सुमारे २० टक्के लोक प्रोटेस्टंट आणि सुमारे ८ टक्के कॅथलिक होते, तर निम्म्याहून अधिक लोकांनी कोणताच धर्म नोंदवला नव्हता. तेथे गल्लीगल्लीत चर्च, घरोघरी छोट्या प्रार्थनासभा आणि रस्त्यावर गाणी गात होणारा प्रचार ही रोजची दृश्ये आहेत. त्यामुळे दुःखात सापडलेल्या बाईच्या दारी सर्वांत आधी कोण येईल, तर शेजारची औषध दुकानदारीण आणि तिच्या चर्चमधल्या बायका. आपल्याकडे त्याच जागी सप्त्याची मंडळी आली असती, किंवा एखाद्या बैठकीचे सदस्य आले असते. कोणत्याही पंथाच्या बाबतीत हे कथानक असेच घडू शकले असते, असे मला वाटते.

चित्रपटातील चर्चची माणसे भली आहेत. ती शिन-एला एकटी सोडत नाहीत, तिचा वाढदिवस साजरा करतात, ती उलटल्यावरही तिच्यासाठी जमून प्रार्थना करतात, आणि तिने खिडकीवर दगड मारला तरी तिला शिव्या देत नाहीत. त्यांचा दोष एवढाच की प्रश्न पुरता ऐकून घेण्याआधी त्यांच्याजवळ उत्तर तयार असते. हा दोष कोणत्या धर्माच्या माणसांत नाही?

शिवाय शिन-एच्या बाजूने बोलणारे वचन आपल्याच ग्रंथात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीवर अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. खुन्याने आधी वेदी गाठली आणि समेटाची पायरी वगळली. चित्रपट हे वचन उच्चारत नाही. परंतु ज्याला ते पाठ आहे त्याला तो प्रसंग पाहताना ते आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या नातलगांना हा भाग पुन्हा एकदा पाहण्यास सांगावे.

प्रश्न : चित्रपट किती लांब आहे? घरातल्या सर्वांसोबत पाहता येईल का? आणि नायिकेला कोणता पुरस्कार मिळाला?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

लांबी १४२ मिनिटे आहे. मुलाची हत्या पडद्यावर दाखवलेली नाही, तो प्रसंग दुरूनच कळतो. तथापि पुढे स्वतःला इजा करून घेण्याचे आणि शारीरिक जवळिकीचे प्रसंग आहेत, म्हणून लहान भावंडांना सोबत बसवू नये. शिन-एची भूमिका करणाऱ्या जॉन दो-यॉन हिला २००७ च्या कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तेथे हा मान मिळवणारी ती पहिली कोरियन अभिनेत्री. दिग्दर्शक ली चांग-दोंग आधी शिक्षक व कादंबरीकार होता, आणि हा चित्रपट करण्यापूर्वी २००३-०४ मध्ये त्याने आपल्या देशाचे सांस्कृतिक मंत्रिपदही सांभाळले. मंत्रिपदावरून उतरलेल्या माणसाने पुढचे काम म्हणून असा चित्रपट करावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

प्रश्न : गॅरेजवाला जोंग-चान सतत तिच्या मागे मागे फिरतो. त्या पात्राचे काम काय, हे मला कळले नाही. सॉन्ग कांग-होसारख्या मोठ्या नटाला एवढेच करायला द्यायचे होते का?
— एक वाचक, बीड

जोंग-चान चाळिशीला टेकलेला, अविवाहित, थोडा आगाऊ, आईची बोलणी खाणारा माणूस आहे. शिन-एची गाडी गावाबाहेर बंद पडते तेव्हा ती ओढून न्यायला तो येतो आणि त्यानंतर तिची पाठ सोडत नाही. तिच्या पियानोच्या वर्गात विद्यार्थी यावेत म्हणून तिला कधीच न मिळालेल्या बक्षिसाचे खोटे प्रमाणपत्र तो चौकटीत घालून भिंतीवर लावतो. अशी माणसे आपल्या तालुक्याच्या गावांत स्टँडवर किंवा पानटपरीवर सहज भेटतात, त्यांना कोणी गंभीरपणे घेत नाही. पहिल्या भेटीत शिन-ए त्याला विचारते की मिरयांग या नावाचा अर्थ काय. त्याला ठाऊक नसतो. अर्थ बघून कोण जगतो, आपण नुसते जगतो, असे काहीसे तो म्हणतो. मग तीच त्याला सांगते की त्या दोन चिनी अक्षरांचा अर्थ गुप्त ऊन असा होतो.

त्याचे काम काय, असे आपण विचारले आहे. तिला समजावणारे सगळे जण एकेक करून बाजूला होतात, आणि ज्याला समजावता येत नाही तो तेवढा उरतो. तिच्यासाठी म्हणून तो चर्चला जाऊ लागतो, तेथे वाहने लावून देण्याचे काम करतो, आणि तिने चर्च सोडल्यावरही जात राहतो. विचारले तर सांगतो की सवय झाली, गेले की बरे वाटते. श्रद्धेविषयी चित्रपटात जी लांबलचक बोलणी आहेत त्यांत हे उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटले. आषाढीला दर वर्षी जाणाऱ्या कित्येकांना कारण विचारले तर ते याहून वेगळे काही सांगणार नाहीत. मोठा नट हवा होता तो यासाठीच. अशा पात्राला जरा जास्त रंगवले की ते विनोदी होते, जरा कमी रंगवले की दिसेनासे होते.

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात माझी दोन्ही लेकरे गेली. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही निजलो होतो. नंतर जे कोणी दुखवट्याला आले ते म्हणाले, देवाची करणी, त्याच्यापुढे कोणाचे चालते. मी हो म्हणत राहिले. नातीने हा चित्रपट मोबाइलवर दाखवला. भाषा कळली नाही, पण ती बाई गप्प का राहते ते कळले. शेवटी ती स्वतःचे केस स्वतःच का कापते, एवढे सांगावे.
— एक आजी, औसा तालुका, जि. लातूर

आजी, आपले पत्र नातीने लिहून दिले आहे असे अक्षरावरून दिसते, तेव्हा हे उत्तरही तिने आपल्याला वाचून दाखवावे.

आपल्याकडे आलेल्या लोकांनी जे सांगितले तेच शिन-एलाही सांगितले जाते. औषध दुकानातील बाई म्हणते की जगात देवाच्या इच्छेवाचून काही घडत नाही, या उन्हाच्या तिरिपेतसुद्धा त्याची इच्छा आहे. तेव्हा शिन-ए उठून त्या तिरिपेत हात घालून पाहते आणि म्हणते, यात काही नाही, नुसते ऊन आहे. आपण हो म्हणत राहिलात, ती नाही म्हणाली, आणि पुढे तीही हो म्हणू लागली. सुमारे दहा हजार माणसे एका पहाटेत गेली त्या भागात सांत्वन करणाऱ्यांच्याच घरात मयत झालेली होती. त्यांनी ते शब्द उच्चारले तेव्हा ते स्वतःलाही सांगत असावेत, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. परंतु दगडमातीच्या भिंती पडल्या, माणसे त्यांखाली सापडली, आणि त्यात आपला काही अपराध नव्हता, हेही कोणीतरी आपल्याजवळ बसून म्हणायला हवे होते.

आता केसांविषयी सांगतो. शिन-एने एका रात्री स्वतःच्या हाताची शीर कापून घेतली होती. मग तीच रस्त्यावर येऊन, मला वाचवा, असे येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाली. हा चित्रपट ई चॉन्ग-जून या लेखकाच्या १९८५ सालच्या कथेवरून घेतलेला आहे. ती कथा नवरा सांगतो आणि तीत ती आई जीव देते. दिग्दर्शकाने तिला जगवले आहे. दवाखान्यातून सुटल्यावर तिला केस नीट करून घ्यावेसे वाटतात. जोंग-चान तिला केस कापण्याच्या दुकानात नेतो, आणि तेथे कात्री घेऊन तिच्यामागे उभी राहणारी पोरगी नेमकी त्या खुन्याची मुलगी निघते. बाप तुरुंगात गेल्यावर तीही वाईट संगतीला लागून सुधारगृहात जाऊन आली होती आणि हे काम तेथेच शिकली होती. याच मुलीला एकदा गल्लीत पोरे मारत असताना शिन-एने गाडीतून पाहिले होते आणि ती न थांबता निघून गेली होती. आता दोघी आरशात एकमेकींना पाहतात. मुलीचे डोळे भरून येतात. शिन-ए थोडा वेळ बसून राहते, दोनचार शब्द विचारते, आणि मग अर्ध्यावरच उठून रस्त्यावर येते व आभाळाकडे रागाने पाहते.

तिने त्या मुलीला जवळ घेतले असते तर चित्रपट तेथेच गोड झाला असता. तिला ते जमले नाही. पुढे कधी जमेल की नाही हे चित्रपट सांगत नाही, आणि मीही अंदाज करणार नाही. घरी आल्यावर ती अंगणात खुर्ची मांडते, समोर आरसा ठेवते आणि उरलेले केस कापू लागते. जोंग-चान फाटकातून येतो, काही न विचारता आरसा हातात धरून उभा राहतो. कापलेले केस वाऱ्याने सरकत जातात, आणि त्यांच्यामागे कॅमेरा अंगणाच्या एका कोपऱ्यात जातो. तेथे ओलसर माती आहे, थोडा कचरा आहे आणि त्यावर ऊन पडले आहे.

यावर पुष्कळ लोकांनी पुष्कळ अर्थ लावले आहेत. नातीने इंटरनेटवर शोधले तर तिला ते सापडतील. अर्धवट कापलेले केस घेऊन गावात फिरता येत नाही आणि त्या दुकानात परत जायचे नव्हते, म्हणून तिने ते घरी कापले. मला तरी एवढेच बरोबर वाटते.